ग्लोव्हसाठी कर्ज

आज आम्ही लोणच्या-पापडाबद्दल बोलणार नाही आणि बँकेच्या कर्जाच्या कागदांबद्दलही नाही. आज बोलायचंय एका खेळाबद्दल. आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांचा खेळाशी काय संबंध? आम्हालाही तसंच वाटायचं.

आमचा गट बारा जणींचा. दर महिन्याला प्रत्येकीचे दोनशे रुपये जमा होतात आणि अडीअडचणीला त्यातूनच कर्ज देतो. दवाखाना, शाळेची फी, शिलाई मशीन, पत्र्याचं छप्पर, अशी आमच्याकडची कर्जं. यंदा जूनच्या बैठकीत एक ताई उभी राहिली आणि म्हणाली, "मला नऊ हजार आठशे पाहिजेत. लेकीला सॉफ्टबॉलच्या स्पर्धेला परराज्यात पाठवायचंय."

सॉफ्टबॉल म्हटल्यावर आमच्यातल्या निम्म्या बायका हसल्या. एकीला वाटलं, चिंध्यांचा चेंडू असेल. पण समन्वयक म्हणून आम्हाला काही हसू आलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी याच खेळासाठी आम्ही एक कर्ज दिलं होतं आणि ते अजून आमच्या मनाला लागून आहे. ते आधी सांगतो.

तेव्हा भाजीचा गाडा लावणारी आमची एक सदस्य होती. तिच्या मुलीला कुणीतरी "अखिल भारतीय" नावाच्या स्पर्धेला नेणार होतं. पंधरा हजार खर्च. ती माय घाबरत होती. आम्हीच तिला म्हणालो, "अगं, प्रमाणपत्र मिळालं की पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के जागा असतात. पोरीचं भलं होईल." हे वाक्य आमच्या तोंडून गेलं, दुसऱ्या कुणाच्या नाही. मुलगी गेली, पदक घेऊन आली. गल्लीत पेढे वाटले. आईने दहा महिने हप्ते भरले, एकही चुकवला नाही. नंतर मुलीने भरतीचा अर्ज करायच्या वेळी प्रमाणपत्र पडताळणीला दिलं, तेव्हा उत्तर आलं की ही स्पर्धा घेणारी संस्था मान्यताप्राप्त नाही. कर्ज फिटलं, पण प्रमाणपत्राचा उपयोग शून्य. ती ताई आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. त्याचाच त्रास जास्त झाला.

म्हणून यंदा आम्ही ठरवलं, हो म्हणायच्या आधी समजून घ्यायचं. तीन आठवडे आम्ही तिघी-चौघी हिंडलो. सकाळी मैदानावर गेलो, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना भेटलो, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात चौकशी केली. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी खेळ. मैदान पतंगासारखं दिसतं. पतंगाच्या चार टोकांना चार ठिकाणं, त्यांना बेस म्हणतात. मोठ्या मुलींच्या खेळात एका बेसपासून दुसरा साठ फुटांवर. मधे एक मुलगी उभी राहून हात खालून गोल फिरवून चेंडू टाकते. रहाटासारखा हात फिरतो, आणि चेंडू असा येतो की आपल्याला दिसतही नाही. समोरची बॅटने मारते आणि पळत सुटते. चारही बेस फिरून घरी आली की एक धाव. तीन जणी बाद झाल्या की पाळी बदलते. अशा सात पाळ्या. आणि चेंडू सॉफ्ट अजिबात नाही बरं का! घेर बारा इंच, कातड्याचा, दगडासारखा. आमच्यातल्या एकीने हौसेने हातात झेलला आणि संध्याकाळी तिला पोळ्या लाटता येईनात.

नाव सॉफ्ट का, तर म्हणे १८८७ साली अमेरिकेत शिकागोला काही पोरांनी बंद खोलीत बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने मारला. तिथून हा खेळ निघाला. नाव राहिलं, चेंडू कडक झाला. पुढे १९९६ ते २००८ पर्यंत मुलींचा हा खेळ ऑलिम्पिकमध्ये होता, मग काढला, टोकियोला पुन्हा आला, पॅरिसला नव्हता, आणि २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये परत आहे. आपल्या महाराष्ट्रात हा खेळ शाळा-कॉलेजांत बऱ्यापैकी रुजलाय. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कारही सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना मिळालेला आहे. तेव्हा चिंध्यांचा चेंडू म्हणून हसण्यासारखं काही नाही.

आता पैसे. ज्या ताईने कर्ज मागितलं तिच्याच घरी बसून आम्ही मागच्या वर्षाचा हिशोब लिहून काढला. तिने कधी एकत्र मांडला नव्हता. थोडे थोडे जातात, तेव्हा कळत नाही. ग्लोव्ह अठराशे. बूट बाराशे. सरावाची फी महिना पाचशे, म्हणजे वर्षाचे सहा हजार. गणवेश नऊशे. मैदानापर्यंत जायला-यायला सहाशे, तेही बरेचदा पायी गेली म्हणून. हे झाले दहा हजार पाचशे, गाव न सोडता. त्यावर बाहेरगावच्या दोन स्पर्धा, एक चौदाशेची, एक बत्तीसशेची. एकूण पंधरा हजार शंभर. आकडा ऐकून ती स्वतःच गप्प झाली. दोन घरची धुणीभांडी करते ती. आता त्यावर नऊ हजार आठशे.

यात काही गोष्टी वाचवता येतात, त्या ऐका. बॅट आणि मागे उभी राहणाऱ्या मुलीचं शिरस्त्राण, छातीचं कवच, पायाचे पॅड हे बहुतेक शाळेचं किंवा क्लबचं असतं. ते विकत घ्यायला जाऊ नका. ग्लोव्ह मात्र स्वतःचा लागतो, कारण तो हाताला बसावा लागतो, चपलेसारखा. मोठ्या मुलीचा जुना ग्लोव्ह मिळाला तर उत्तम, मऊ झालेला असतो. पण तुमची लेक डावखुरी असेल तर बघून घ्या. ग्लोव्ह फेकायच्या हातात नाही, दुसऱ्या हातात घालतात. म्हणजे डावखुरीला उजव्या हाताचा लागतो, आणि तो जुना सहसा मिळत नाही. एका बाईने दुकानात घाईघाईत चुकीचा घेतला आणि दुकानदाराने परत घेतला नाही.

प्रवासाचं म्हणाल तर एसटीत मार्च २०२३ पासून बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे. हे आपल्याला माहीत आहे, पण संघ नेताना खासगी गाडी केली की ही सवलत गेली. राज्यातल्या राज्यात स्पर्धा असेल तर गाडीऐवजी एसटीने का नाही, हे विचारायला काय हरकत आहे? रेल्वेत पूर्वी खेळाडूंना सवलत असायची. २०२० च्या मार्चमध्ये रेल्वेने बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात खेळाडूंचीही थांबली. "तिकिटात सवलत मिळेल" असं कुणी तोंडी सांगितलं तर आधी खिडकीवर विचारा.

आता मुख्य गोष्ट, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. संघात मुली किती?

मैदानात नऊ खेळतात. संघात नावं असतात सोळा. म्हणजे सात जणी बाकावर. हे ठीकच आहे. कुणी आजारी पडतं, कुणाला लागतं, बदली लागतेच. पण या स्पर्धेला किती मुली नेणार होते? बावीस. आम्ही विचारलं, सोळाच्या यादीत बावीस कशा? प्रशिक्षक माणूस सरळ होता, त्याने लपवलं नाही. तो म्हणाला, "ताई, गाडीचं भाडं तेहतीस हजार. सोळा मुलींत वाटलं तर दोन हजारांवर जातं. बावीस मुलींत पंधराशे येतं. आणि त्या सहा जणींना अनुभव मिळतो."

आम्ही घरी येऊन हिशोब पुन्हा केला. गाडीचा खर्च कमी झाला हे खरं. पण कुणासाठी? ज्या सोळा जणी यादीत आहेत त्यांच्यासाठी. उरलेल्या सहा जणी पैसे भरतात, गाडीत बसतात, जेवतात, पाणी देतात, टाळ्या वाजवतात. त्यांचं नाव कागदावर नाही. नाव नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही. आमच्यातली एक म्हातारी सदस्य आहे, निरक्षर, पण हिशोबाला पक्की. ती म्हणाली, "म्हणजे वरातीला गेल्यासारखं. जेवण आपण करायचं, लग्न दुसरीचं." आम्ही हसलो, पण खरं होतं ते.

तर आम्ही प्रशिक्षकाला तिसऱ्यांदा भेटलो आणि सरळ विचारलं, आमच्या ताईची मुलगी कितवी? तो थोडा थांबला. म्हणाला, "एकोणिसावी. पुढच्या वर्षी यादीत येईल. हात चांगला आहे तिचा." हे त्याने आईला आधी का सांगितलं नाही? कारण आईने विचारलं नव्हतं. आपण शाळेत जातो, मास्तरांसमोर पदर सावरून उभं राहतो आणि "बरं सर" म्हणून येतो. आम्हीही तेच करतो.

मग दुसरा प्रश्न, ज्यासाठी हे सगळं चाललंय. पुढे कॉलेजात, नोकरीत उपयोग काय?

यात दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. एक वाट शाळेची. शासनाच्या क्रीडा खात्याकडून शालेय स्पर्धा होतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या. आपल्या शहरात महानगरपालिकेच्या पातळीवर पहिली स्पर्धा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. राज्यात क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत. म्हणजे एका वयोगटात राज्याच्या स्पर्धेला आठ संघ, सोळाच्या हिशोबाने एकशे अठ्ठावीस मुली, आणि त्यातून राज्याच्या संघात निवडल्या जाणार सोळा. हा आकडा मुलीला सांगा. घाबरवायला नाही, तिला माहीत असावा म्हणून. या वाटेने गेलं तर घरचा खर्च बराच कमी लागतो, कारण मागे शाळा असते आणि वर शासन असतं.

दुसरी वाट संघटनेची, म्हणजे जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि त्यांच्या अजिंक्यपद स्पर्धा. ही वाटही चांगली आहे, तिथे खेळाचा दर्जा चांगला असतो. पण खर्च बऱ्याच वेळा मुलींच्या घरून येतो. आणि या दोन्हींच्या बाजूला तिसरी एक पाऊलवाट आहे. कुणीही उठून "ऑल इंडिया", "इंटरनॅशनल" असं नाव देऊन स्पर्धा भरवतो. फलक मोठा, पदक जड. आमचे पंधरा हजार त्या पाऊलवाटेने गेले.

मिळतं काय, तेही सांगतो. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात. किती, हे कुठल्या पातळीवर खेळली त्यावर ठरतं, जास्तीत जास्त पंचवीस. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून शाळेत आधीच विचारून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत हे खरं आहे. पण त्यासाठी नुसतं जाऊन आलेलं चालत नाही. ठरलेल्या पातळीच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत पहिल्या तिनात यावं लागतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून होते. आपल्याच विभागात काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिन नावाच्या खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांवर लोक नोकरीला लागल्याचं उघड झालं, बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तेव्हा पडताळणी कडक असणारच, आणि असावीच. खऱ्या खेळलेल्या पोरींची जागा त्या लोकांनी खाल्ली.

कॉलेजचं म्हणाल तर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात. तिथून विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो देशातल्या इतर विद्यापीठांशी खेळतो. ज्या कॉलेजांना संघ उभा करायचा असतो त्यांचे क्रीडा संचालक शालेय स्पर्धा बघायला येतात. चांगली मुलगी दिसली की म्हणतात, आमच्याकडे या, फी बघून घेऊ, वसतिगृहाचं बघून घेऊ. ऐकायला गोड वाटतं. आमचं एवढंच म्हणणं, "बघून घेऊ" हे कागदावर लिहून घ्या. कोणती फी माफ, एका वर्षाची की तीनही, आणि पोरीच्या गुडघ्याला लागलं आणि खेळ सुटला तर पुढच्या वर्षी काय? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही.

अमेरिकेत या खेळाचं प्रस्थ फार मोठं आहे. तिथे १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, खेळातसुद्धा. तेव्हापासून मुलींच्या खेळांना कॉलेजात जागा मिळाली. आई-बाप मुलींना क्लबच्या संघात घालतात, दर शनिवार-रविवार गाडी काढून दुसऱ्या गावी नेतात, हजारो डॉलर घालतात, कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल या आशेने. आणि शिष्यवृत्त्या किती? तिथल्या सगळ्यात वरच्या पातळीवरच्या कॉलेजला सॉफ्टबॉलसाठी बाराच शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, २०२५ पर्यंत. त्या बारा वीस-बावीस जणींत तुकडे करून वाटायचे. आता नियम बदलला, शिष्यवृत्त्यांऐवजी संघातल्या मुलींवर मर्यादा आली, पंचवीसची. पूर्वी तिथे आठवी-नववीतल्या पोरींना कॉलेजवाले गाठायचे. मग नियम झाला की अकरावीच्या वर्षाच्या एक सप्टेंबरआधी कॉलेजच्या प्रशिक्षकाने मुलीशी भरतीचं बोलायचंच नाही. हे ऐकून आम्हाला जरा बरं वाटलं. तिथल्या पैसेवाल्या आईलाही हाच हिशोब करावा लागतो तर.

तर बैठक झाली. ताईने स्वतः मत दिलं नाही, उरलो अकरा जणी. सात विरुद्ध चार मतांनी ठरलं की या स्पर्धेसाठी नऊ हजार आठशे द्यायचे नाहीत. त्याऐवजी चार हजार द्यायचे, नवा ग्लोव्ह, बूट आणि उरलेल्यात सरावाची फी, म्हणजे शाळेच्या वाटेने तिला पुढे जाता यावं. व्याज नेहमीचंच, शेकडा एक. विरोधातल्या चौघींचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. एक म्हणाली, "बाकावर बसायला का होईना, पोरगी गावाबाहेर तर जाईल. आपण कधी गेलो?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्याच बैठकीत आणखी एक ठरलं. खेळासाठी कर्ज मागायला आलेल्या बाईने चार गोष्टी विचारून यायचं: स्पर्धा कोण घेतंय आणि ती कुठल्या यादीत आहे, सोळाच्या यादीत मुलीचं नाव आहे का, एकूण खर्च किती आणि त्याची पावती मिळेल का, आणि सोबत बाई माणूस कोण जाणार. शेवटचा प्रश्न आमच्या म्हाताऱ्या सदस्याने घालायला लावला. आधी तोच विचारा म्हणाली. कुणाला एकटीला विचारायला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघी सोबत जातील. तिघी बायका मिळून गेल्या की मास्तर खुर्ची देतात, हा आमचा अनुभव आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या ताईकडेही आम्ही गेलो. माफी मागितली, बैठकीत, सगळ्यांसमोर. तिने चहा केला. मुलगी आता शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करायचा म्हणतेय, प्रमाणपत्र गेलं तरी खेळ गेला नाही तिचा. त्याच्या फीचं कर्ज लागलं तर आधी आमच्याकडे या, असं सांगून आलो.

आणि यंदाची मुलगी? ती आमच्यावर रागावली आहे. तिच्या मैत्रिणी गेल्या, रेल्वेत बसल्या, फोटो पाठवले. आम्ही गल्लीतून जाताना दिसलो की ती आत जाते. पण पहाटे साडेपाचला नवा ग्लोव्ह पिशवीत घालून ती रोज मैदानावर असते. परवा आम्ही लांबून बघितलं. कुणीतरी उंच मारलेला चेंडू होता, ती मागे मागे पळत गेली आणि झेलला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिने वळून बघितलं, आम्हीच आहोत हे दिसल्यावर तोंड फिरवलं, आणि चेंडू परत फेकला.

तिच्या आईचा दुसरा हप्ता वेळेवर आला आहे. शाळेच्या स्पर्धा लवकरच सुरू होतील, तेव्हा बघायला जाऊ. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं खेळणारं लेकरू असेल तर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी तीनला आमची बैठक असते. हिशोबाची वही आणा, मिळून मांडू.